ओट्याची रेघ

(स्वयंपाकघर. जुना ओटा काल फोडून झाला आहे. ती दाराशी, चाकांच्या खुर्चीत. तो भिंतीपाशी, कानावर पेन्सिल.)

ती : चुकलीय म्हणते ना. ही रेघ माझी नाही.

तो : तुझीच आहे. गवंडी काय म्हणाला? ओट्याशी जो उभा राहणार त्याचं कोपर बघा, त्याच्या वीतभर खाली रेघ मारून ठेवा, मी सकाळी येऊन बांधायला घेतो. तसंच केलंय.

ती : माझं कोपर कुठे बघितलंत? मी तर आत झोपले होते.

तो : आठवणीवरून घेतलं माप. अगं, जन्मभर शिंपीकाम केलं. रस्त्यानं जाणाऱ्या माणसाची छाती-कंबर सांगतो मी. घरच्या बायकोचं कोपर चुकेन होय?

ती : चुकलात. चांगलं चार बोटं चुकलात. मी या ओट्याशी उभी राहिले तर पुन्हा खांदे वर काढूनच पीठ मळावं लागेल.

तो : तू आता बसून आहेस, म्हणून तुला उंच वाटतंय. हे बघ, तू इथे भाजी चिरत असलीस आणि मी मागून डबा घ्यायला आलो, की तुझं डोकं माझ्या हनुवटीला लागायचं. बरोबर? म्हणून मी इथे उभा राहिलो, हनुवटीला हात लावला, आणि तिथून खाली मोजत आलो.

ती : आणि बाहेरच्या खोलीतला लग्नाचा फोटो? त्यात कुठे येते मी तुमच्या?

तो : फोटोत... खांद्याच्याही खाली येतेस.

ती : मग स्वयंपाकघरात शिरले की वाढत होते का मी?

तो : फोटोवाल्यानं काहीतरी केलं असेल.

ती : फोटोवाल्यानं काही केलं नाही. मी पाटावर उभी असायचे हो.

तो : पाटावर?

ती : लाकडी पाट. पायानं ओढून घ्यायचे आणि वर चढायचे. तुम्ही कितीदा ठेचाळलात त्याला. दर वेळी चिडून मोरीकडे ढकलून द्यायचात.

तो : हो, ढकलायचो. मला वाटायचं तू बसायला आणतेस आणि तिथेच विसरतेस.

ती : बसायला वेळ कुठे होता मला?

तो : म्हणजे मी तुला बघितलं ते... कायम पाटावरच बघितलं.

ती : इथे आल्यावर तेवढंच. बाकी घरात होते तेवढीच होते.

तो : थांब, मी खोडतो ही रेघ. चार बोटं खाली घेऊ. पाच घेऊ. तू सांग.

ती : घाई काय आहे? खुर्ची जरा आत घ्या आधी. त्या डबरावर चाक अडलंय.

तो : घेतली. तू मागे म्हणाली होतीस मला, ओटा खाली घ्या म्हणून. आठवतंय मला.

ती : म्हणाले होते. लग्न होऊन आले त्याच वर्षी. तुम्ही म्हणालात, आईच्या उंचीनं बांधलाय, ती आहे तोवर असू दे. मलाही पटलं ते. सासूबाई उंच होत्या, तुमच्यासारख्या. त्यांच्या घरात त्यांचा ओटा.

तो : आणि आई गेल्यावर?

ती : तेव्हा आपल्या चिमीच्या शाळेचा खर्च निघाला. मग छप्पर गळायला लागलं.

तो : त्यानंतर?

ती : त्यानंतर काही निघालं नाही. मीच विचारायचं सोडून दिलं.

तो : दुकानातलं कापायचं टेबल मी दोनदा सुताराकडून करून घेतलं. पाठीला रग लागते म्हणून.

ती : माहीत आहे. दोन्ही वेळेला मीच पाठ शेकत होते तुमची.

तो : आणि तुझे खांदे?

ती : दुखायचे. बायकांचे दुखतातच, असं मला वाटायचं. खोटं कशाला बोलू, राग यायचा. तुम्ही लोकांना विचारायचात, काखेत रुततंय का, हात वर करून दाखवा. मला एकदा तरी विचाराल असं वाटायचं. माझे कपडेसुद्धा तुम्ही माझ्या जुन्या कपड्यांवर टाकून कापायचात. मी समोर उभी असायचे तरी.

तो : चुकलं माझं. फार चुकलं. म्हणून तर हे काढलं ना आता. चिमीनं पाठवलेल्या फोटोतलं ते चकचकीत स्वयंपाकघर आपल्या खिशाला झेपणारं नाही, पण निदान ओटा तरी तुझा होऊ दे. कपाटांची दारं जुनीच ठेवू, नुसता रंग मारू. नळ नवा घेऊ. दगड तर मिळालाच आहे, दुकानदाराकडचा उरलेला तुकडा, कडेला टवका उडालाय म्हणून स्वस्तात दिला त्यानं.

ती : दगड छान आहे. टवक्याची बाजू भिंतीकडे टाका.

तो : टाकू. आता सांग, कुठे मारू रेघ?

ती : स्वयंपाक कोण करणार आहे?

तो : सध्या मीच करतोय. पुढे तू करशील.

ती : अहो, माझ्याकडे बघा जरा. डावा हात भांडं धरत नाही. डॉक्टर काय म्हणाले? काठीला धरून न्हाणीघरापर्यंत जाल. ओट्यापर्यंत जाल असं कुणी म्हणालं नाही.

तो : नाही असंही कुणी म्हणालं नाही.

ती : मी विचारलं. व्यायामाच्या बाई येतात ना, त्यांना. तुम्ही दूध आणायला गेला होतात. त्या म्हणाल्या, बसून जे होईल ते आनंदानं करा. इतकं मऊ बोलल्या की मला कळलं.

तो : मग बसून करता येईल असा बांधू. खुर्ची आत जाईल एवढा खाली.

ती : आणि तुम्ही तिन्ही वेळा वाकून रांधणार? मागच्या थंडीत पाठीला पट्टा लावून फिरत होतात. दगड एक, ओटा एक. दोन करायची आपली ऐपत नाही. मला टेबल पुरे. शेंगा सोलीन, निवडून देईन, तुमचं मीठ चाखून सांगीन. कालचं वरून घ्यावं लागलं.

तो : मी हे तुझ्यासाठी फोडलं.

ती : ठाऊक आहे मला. काल घण पडत होता तेव्हा मला इतकं बरं वाटलं की रडू आलं. तुम्हाला वाटलं धूळ गेली डोळ्यांत. ऐकताय ना? बरं वाटलं मला. त्यात खोट नाही. नुसता उशीर झाला.

तो : मला नाही मारता येणार माझी रेघ.

ती : त्यात काय न येण्यासारखं आहे? उभे राहा भिंतीला लागून. असे ताठ नको, चिरायला उभे राहता तसे. कोपर दुमडा. दुमडलंत?

तो : हं.

ती : आता वीतभर खाली. तिथे बोट ठेवा.

तो : ठेवलं. अरे!

ती : काय झालं?

तो : इथे तर आधीच खूण आहे. जुन्या ओट्याची. गिलावा सुटलाय तिथे. बोट बरोबर तिच्यावरच आलं.

ती : येणारच.

तो : म्हणजे होता तेवढाच.

ती : ओटा पहिल्यापासून तुमच्या मापाचाच होता हो. उभी मी राहत होते, एवढंच. मारा रेघ, गवंडी येईल इतक्यात.