हिचा कान

नाही, जावईबापू, हिचे कपडे एवढ्यात भरू नका — आधी हे बघा, मग काय ते भरा. लेकीनं तुम्हाला धाडलं, ठीक आहे, तिच्या जिवाला घोर असणारच, आजारी माणसं सांभाळणाऱ्या संस्थेत आईसाठी जागाही धरून ठेवलीय म्हणे — पण कशावरून? तर डॉक्टर म्हणाले, अर्धांगाचा झटका आल्यापासून हिला काही कळत नाही. आता मला सांगा, त्यांनी हिला इंजिन ऐकवलं का? नाही ना? मग झालं तर.

खाट गॅरेजात का आणली, हेच विचारणार ना? त्यासाठीच तर. शटर पूर्ण वर आहे, धूर बाहेर जातो, लेकीला सांगा तसं. आणि ही गाडी बघा — माझ्याहून म्हातारी, पण ऐट बघा. हिला दोन कार्बोरेटर आहेत — हिला म्हणजे गाडीला — हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देतात ते, दोघांनी सारखी हवा ओढली पाहिजे, नाहीतर एक राबतो न् दुसरा ऐतखाऊ, इंजिन अडखळत बसतं. सारखी ओढतायत हे कळायचं कसं? नळीनं. एक टोक कार्बोरेटरच्या तोंडाशी, दुसरं कानाशी — सूं ऐकू येतं, आधी याचं, मग त्याचं. गावभर बोलबाला, मिस्त्रीचा कान म्हणजे कान! कसला माझा कान हो. मी नुसता हवा कमी-जास्त करायचा स्क्रू फिरवायचो, नळी हिच्या कानाशी असायची, आणि दोन्ही सूर जुळले की ही माझं बोट दाबायची — इंजिनापुढं ओरडणार किती? भांडण होऊन बोलणं बंद असलं तरी दाबायची, नख रुतेल असं. हे कुणाला सांगितलं नव्हतं मी. आज तुम्हाला सांगतोय.

आणि अजूनही दाबते. डॉक्टर म्हणतात, हातात काय दिलं तरी मूठ मिटते — त्यांचं आपलं काहीतरीच. आता कपडे बदलतानाही दाबते, चमचा धरला तर चमचाही सोडत नाही, पण ते वेगळं — ते वेगळंच हो. गेल्या महिन्यात दोन गाड्या परत आल्या, धक्के मारतात म्हणून, तर तेव्हा नळी नीट बसली नसेल. माझीच चूक. हिची नाही.

धरा ही नळी. आधी पुढच्या कार्बोरेटरच्या तोंडाशी, मी मान हलवली की मागच्या. दुसरं टोक हिच्या कानाशी रुमालानं बांधलंय. — अगं, जावई आलेत, ऐकतेस ना, जरा नीट कर हं — खरं सांगतो जावईबापू, मला भीती वाटते. ही गेली तर या घरात मी बोलायचं कुणाशी? तुम्ही दोघं चांगलेच आहात, पण फोनवर बोलून बोलून काय बोलणार?

चालू करतो. हं, पुढचा. आता मागचा. कमी ओढत असणार, दाबलं नाही हिनं. थोडा स्क्रू उघडतो — अजून थोडा — दाबलं! बघितलंत? बोट बघा माझं, पांढरं पडलंय! काय म्हणता? अजून अडखळतंय? तुम्हाला कळतंय होय त्यातलं — बरं, थांबा, थोडं मागं घेतो, परत दाबेल, जुळलं की लगेच दाबेल ती, हे बघा, अगदी हळू —

बंद पडलं. जास्तच फिरवला. चुकून हो. पुन्हा चालू —

थांबा. नळी सोडा खाली. सोडा म्हणतो ना.

इंजिन बंद आहे ना? बंदच आहे. मग ही — अगं, बंद पडलंय गं ते. आता कशाला दाबतेस?

अगं.

तुम्ही पुढं व्हा, जावईबापू. तुमची गाडी दाराशी लावा. मागची सीट झटकून घ्या, हिच्या डाव्या अंगाला काही टोचायला नको.

व्हा पुढं. मी हात सोडवून येतो.