दोन इंच आत

—सगळेच आत घ्यायचे? चारही शर्ट, दोन्ही पँटी आणि हा कोटसुद्धा? अगं, हा कोट मीच शिवलाय ना, तू जायच्या आधी—याच आरशासमोर उभी होतीस, आणि तुझी आई मागून म्हणत होती, जरा ऐसपैस ठेवा, तिकडे थंडी फार, आतून स्वेटर घालेल. ठेवला होता ऐसपैस, पण इतका? थांब, हात वर कर बघू. श्वास सोड. सोडलायस? बरं. छाती... थांब हं, टेप पुन्हा लावते, माझंच काहीतरी चुकतंय. नाही, चुकत नाहीये. दोन इंच. कंबरेत तर अडीच. अगं पोरी, शिकायला गेली होतीस की उपास करायला? हसू नकोस, टाचणी लागेल.

शुक्रवारी परत जाणार ना? मग मंगळवारी देते सगळं. कापत नाही हां मी काही, आत माया ठेवते भरपूर—पुन्हा अंग भरलं की उसवून सोडता येईल. आई कुठे राहिली? समोर औषधाच्या दुकानात? येऊ दे सावकाश, तिथे रांग असते. म्हणजे तोवर तुला एक विचारते, राग मानू नकोस. मी आपली मशीनवरची बाई, मला तिथलं काय कळणार—पण आमचा बाळ्याही तिकडेच आहे ना. तुझ्या शहरात नाही, आगगाडीने पाच तास लागतात म्हणे. हवामानाचं काहीतरी शिकतो. मला त्या विषयाचं नावही धड घेता येत नाही, ह्यांना येतं. हे तर भाजी आणायला गेले तरी भाजीवालीला ते नाव म्हणून दाखवतात, मग कोथिंबीर विसरून घरी येतात.

तर त्याचे सगळे शर्ट मी शिवलेले. आणि त्याची कॉलर मी टेपने कधीच मोजली नाही, बोटांनी घेते—बटण लावलं की आत माझी दोन बोटं जायला हवीत, तिसरं नाही. आता फोनवर माणूस दिसतं किती? गळ्यापासून वर. बाकीच्या आया चेहरा बघत असतील, माझी नजर आपली कॉलरवर. मार्चमध्ये दोनाची तीन बोटं झाली. मे महिन्यात अख्खी मूठ गेली असती. म्हटलं, बाळ्या, जेवतोस ना रे? तर म्हणे, आई, धुऊन धुऊन कापड सैल पडलंय. कापड! कापड धुऊन आटतं रे बाबा, सैल कशाला पडेल—सव्वीस वर्षं मशीन चालवणाऱ्या बाईला हा कापड शिकवतो. ह्यांना सांगितलं तर म्हणतात, उंच होतोय पोरगा. एकविसाव्या वर्षी!

हात खाली घे, झालं. आता खांदा.

तसं त्याने सांगितलं होतं एकदा. म्हणजे... हे मी कुणाला बोललेले नाही, ह्यांनाही नाही. फेब्रुवारीत. भर दुपारी फोन आला, आणि इथे लग्नघरच्या सहा बायका, सगळ्यांना परवा हवं, माझ्या तोंडात टाचण्या. फोन कानाला लावला तर म्हणतो, आई, मी परत येऊ का? एवढंच. का, काय झालं, काही नाही. मी टाचण्या काढल्या तोंडातून आणि काय म्हणाले माहितीये? म्हटलं, वेडा आहेस का, वर्षच तर राहिलंय, काढ कळ. लोक काय म्हणतील? त्या बायका ऐकत होत्या ना—मी जरा मोठ्यानेच म्हटलं. हसलेसुद्धा. तो म्हणाला, बरं. आणि विचारलं, तुझा गुडघा कसा आहे? शहाणा पोरगा आहे गं. तो ओरडला असता, भांडला असता तर मला कळलं असतं. बरं म्हणाला.

मग मे महिन्यात मीच म्हटलं, ये तू, आत्ता ये, मला नाही बघवत. तर म्हणे, मी मजेत आहे. तूच म्हणालीस ना काढ कळ, काढतोय की. म्हटलं, खोटं बोलू नकोस, मला कॉलर दिसत्येय तुझी. ते बोलायला नको होतं मी. दुसऱ्या दिवसापासून कॅमेरा बिघडला. दोन महिने झाले, बिघडलेलाच आहे. नुसता आवाज येतो—छान, मस्त, जेवलो. आवाजाचं माप कसं घेऊ मी?

शेजारच्या सुनेला इंग्रजी बोलता येतं, तिच्याकडून विद्यापीठात फोन लावून घेतला. ते म्हणाले, मुलगा सज्ञान आहे, त्याच्या परवानगीशिवाय आम्हाला काही सांगता येत नाही. म्हटलं, सांग त्यांना, मी आई आहे. तिने सांगितलं. तर म्हणाले, कळतं आम्हाला. आणि ठेवला फोन.

तू सांग ना. तू तर तिथेच असतेस. काय होतं नेमकं? वेळ मिळत नाही शिजवायला? कुणी बोलत नाही तुमच्याशी? की समोर ताट असूनही नुसते भिंतीकडे बघत बसता—अगं! अगं, हे काय? बस, बस या स्टुलावर. मी तुझ्याबद्दल नव्हते गं बोलत, बाळ्याबद्दल... मी पण कशी, जिभेला हाड नाही. पाणी घे.

आईला माहितीये? ही मान कशासाठी हलवलीस—माहीत नाही म्हणून, की सांगू नका म्हणून? दोन्ही? म्हणून कपडे आत घेऊन हवेत होय, म्हणजे घरात कुणाला दिसायला नको. हे बघ, माझं ऐक. आली ती, रस्ता ओलांडत्येय बघ. सांगून टाक. आत्ता, इथेच, मी आहे ना, मी धरते तुझा हात. दोन शब्दांचं काम आहे. ती ओरडेल, रडेल, चार दिवस—अशी बघू नकोस गं माझ्याकडे. असे हात नको जोडूस.

या ताई, या. मिळाली औषधं? —रडत्येय? छे हो, खडूची पूड गेली डोळ्यात, मी म्हणतच होते पाणी मार म्हणून. —नाही, फार नाही, हल्लीच्या पोरींना सगळं चापूनचोपून लागतं, फॅशनच आहे तशी. किती म्हणजे... अर्धा इंच. अर्धाच. —हो, तेच सांगत होती मला, छान चाललंय म्हणून. —बाळ्या ना? बाळ्याही मजेत.

मंगळवारी, पाचनंतर. नाही, आता बसू नका ताई, मला काम आहे. जा बाळा, जा आईबरोबर. दार तेवढं ओढून घ्या.