खाणवाल्यांचं गोत्र

— नाही, तो खोका राहू दे निधी, तो शेवटी ने. आधी हे नकाशे घे. तुमच्या युनिव्हर्सिटीला कथलाच्या खाणींचं एवढं वेड असेल असं वाटलं नव्हतं, मला वाटायचं जगात एक आमचा हरीशच असा. दर शनिवारी ब्रिस्टलहून पहाटेची ट्रेन, थेट कॉर्नवॉल — आणि तिथे जाऊन काय, तर चर्चच्या रजिस्टरमधून खाणीत गेलेली माणसं उतरवून घ्यायची. एका माणसाचं एक कार्ड. नाव, वय, कुठली खाण, कसा गेला. हे बघ, टॉमस रो, वय एकोणीस, शिडीवरून पडून. मी विचारायचे, हा टॉमस तुझा कोण, मावसभाऊ? जिभेला हाड नाही ना माझ्या.

आणि सर्वपित्रीला तर कहरच. मागच्या गार्डनमध्ये धोतर, वरून टोपीवाला पावसाळी अनोरॅक, काळे तीळ, पाणी — आणि शेजारी ही कार्डं. एकेक नाव घेऊन पाणी सोडायचा. मी किचनमधून म्हणायचे, अरे, यांचं गोत्र काय? तर म्हणे, माहीत नसलं की काश्यप, सगळ्यांचं काश्यप. शेजारचे बघायचे, मग मी पडदाच ओढून घ्यायचे. दोनशे नावं कोण ऐकत बसणार? ऐकायला हवी होती गं.

आम्हाला मुलगी झाली होती. तुला कशाला सांगतेय कोण जाणे — नऊ दिवस होती. बारसं बाराव्या दिवशी, म्हणजे नावसुद्धा नाही. भटजी फोनवर म्हणाले, एवढ्याशा जिवाचं काही करत नाहीत. नोंद करायला कौन्सिलमध्ये हरीश एकटाच गेला, काय लिहून आला ते मी विचारलं नाही. या घरात विषय काढायचा नाही, हे मीच बजावलं होतं. छत्तीस वर्षं पाळलं त्याने. मार्चमध्ये तो गेला, आणि काल तुझ्यासाठी कार्डं लावत बसले, तर सगळ्यात शेवटी, त्याच अक्षरात — तनू. वय नऊ दिवस. गोत्र भारद्वाज. आमचं गोत्र. म्हणजे दर वर्षी मी पडदा ओढून आत, आणि बाहेर हा एकटा — माझ्या मुलीचं नाव मला काल कळलं, निधी.

नको, पाणी नको. आणि तो खोका खाली ठेव, कार्डं मी देत नाही. येत्या शनिवारी सर्वपित्री आहे, आता ती नावं मला घ्यायची आहेत. सगळी. तू नकाशे उचल आणि नीघ, बस चुकेल तुझी.