पोटात ठेवलेली शाबासकी

मंडळी, ऐका. एखाद्याचं काम आपल्याला मनापासून आवडलं – आणि आपण त्याबद्दल कुणापाशी चकार शब्द काढला नाही. हे पाप आहे का? पुढचे काका मान हलवताहेत – नाही म्हणताहेत. असू द्या. आख्यान संपल्यावर पुन्हा विचारतो!

आपण दत्ताच्या देवळात बसलोय. महाराजांच्या पायाशी बघा, चार श्वान. म्हणून आज गोष्टही श्वानांचीच.

नाशिकला इंदिरानगरात वैजयंता दुसाने नावाची बाई. व्यवसाय काय? लोकांची कुत्री फिरवून आणणे! हसू नका हो. तुमच्या आळशी नातवाला पहाटे फिरवून आणणारं कुणी मिळालं, तर पाय धराल त्याचे!

बाई कामाला चोख. परत आणताना कुत्र्याचे पाय पुसणार, पाणी पाजणार, मगच घरात सोडणार. पण गिऱ्हाइकं किती? दोनच घरं. एक निमकर काका, बँकेतून निवृत्त. त्यांचा सुलतान – हा एवढा थोरला अल्सेशियन! दुसऱ्या रेगेबाई. त्यांचं कुत्रं पांढरं, गोल, नाव लाडू.

दोन घरांवर पोट कसं भरायचं? नवी माणसं यायला हवीत. आणि हल्ली नवा माणूस काय करतो? आधी मोबाइल उघडतो. लोकांनी काय रिव्ह्यू लिहिलेत, किती तारे दिलेत, ते बघतो. वैजयंताच्या नावाखाली एकच रिव्ह्यू – ‘एक नंबर ताई!’ आणि लिहिणारा कोण? सख्खा भाऊ! आडनावावरून लोक ओळखायचे, आणि पुढे जायचे.

तिने भीत भीत विचारलं, “काका, दोन ओळी लिहाल का माझ्याबद्दल?”

“अगं, त्यात काय! आजच लिहितो.”

तो ‘आज’ काही उजाडला नाही. रेगेबाई म्हणाल्या, “मला मेलं ते टाइप करायला जमत नाही गं.” आणि ह्याच रेगेबाई रोज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर हाताएवढा लांब सुविचार टाकतात! आहेत ना तुमच्याकडेही अशा? नावं नका घेऊ, पुढेच बसल्या असतील.

वैजयंताच्या मनाने घेतलं – आपलंच काहीतरी चुकतंय. ती जास्त वेळ फिरवू लागली. सुलतानच्या अंगावरून हात फिरवत विचारायची, “तू तरी सांग रे, कुठे कमी पडते मी?” तो बिचारा शेपटी हलवायचा. त्याचा रिव्ह्यू तेवढा रोज मिळायचा!

शेवटी सुरतेहून बहिणीचा फोन. “ये इकडे, साडीच्या दुकानात लावून देते.” जीव तुटत होता, पण हो म्हणाली. संध्याकाळी निमकर काकांच्या दारात, हातात सुलतानची साखळी, आणि म्हणाली, “काका, पुढच्या महिन्यापासून मी नाही येणार.”

काका दचकले. “का गं? आमचं काही चुकलं?”

“तुमचं कसलं? माझं काम चांगलं असतं, तर कुणी दोन ओळी लिहिल्याच असत्या की.”

मंडळी, काका खाली बसले. दारातच, पायरीवर. म्हणाले, “वैजयंता, तुझं काम चांगलं आहे, म्हणूनच नाही लिहिलं.”

“म्हणजे?”

“अगं, आमची स्वयंपाकाची बाई! तुझ्या काकूने भिशीत तिच्या पुरणपोळीचं कौतुक केलं, आणि आठवड्यात शेजाऱ्यांनी तिला पळवली! तुझं नाव झालं, तर सुलतानची वेळ दुसरा कुणी घेईल. म्हणून गप्प बसलो. सगळ्यांपासून लपवलं तुला.”

बघा! हिला वाटतंय आपण वाईट. आणि ह्यांना ती इतकी हवी, की तोंड उघडवत नाही! चांगली बाई मिळाली की दडवायची, ही आपली घरोघरची रीत. दडवली, आणि दडवल्यानेच ती चालली!

वैजयंताच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि रागही आला. येणारच! म्हणाली, “काका, एकदा सांगायचं तरी! हे बघा, कितीही माणसं आली तरी संध्याकाळ सुलतानचीच. माझा शब्द. आता लिहा. इथेच, माझ्यासमोर.”

काकांनी चष्मा चढवला. एका बोटाने लिहिलं – ‘हिच्यासारखी कुणी नाही. जरूर बोलवा. फक्त संध्याकाळी बोलवू नका, तेव्हा ती आमची आहे.’ रेगेबाईंना कळलं मात्र, ज्यांना टाइप येत नव्हतं त्यांनी खाली लिहिलं, ‘आणि सकाळी आमची!’

हे वाचून लोकांना वाटलं, ज्या बाईसाठी भांडणं लागतात ती असणार तरी कशी! फोन सुरू झाले. मधल्या वेळा भरल्या. सुरतेची साडी सुरतेतच राहिली!

आता सांगा, पुढचे काका, पाप की नाही? देवाची स्तुती आपण टाळ्या वाजवून करतो. का? देवाला कुणी पळवून नेत नाही ना! माणसाची मात्र पोटात ठेवतो. आणि बाहेर कधी काढतो? शोकसभेत. तिथे काय एकेक सुंदर बोलतात हो! ज्याने ऐकायचं, तो तेवढा नसतो.

आत्ता तुमच्या मनात एक नाव आलंय. ते मला नको, देवालाही नको. ज्याचं त्याला सांगा, तो समोर आहे तोवर.

आजी, नुसतं सुनेकडे बघू नका... बोला!

पेटीवाले, थांबा जरा. आरती होईल सावकाश. आजी बोलताहेत.