पॅरिसच्या फोटोंतले काका

व्हिसाच्या फोटोसाठी आभा पनवेलच्या स्टुडिओत थांबली होती. तिच्या पुढे एक काकू मोबाइल घेऊन उभ्या होत्या.

"परवा ह्यांचा तेरावा आहे. फ्रेमला पॅरिसचाच फोटो हवा. आयुष्यात तेवढंच फिरलो."

"पण आयफेल टॉवरसमोर सगळीकडे तुम्हीच आहात, काकू. काका कुठेत?" फोटोग्राफरने विचारलं.

"फोटो हेच काढत होते ना. सारखे म्हणायचे, हस, हस."

"एकातही नाहीत?"

"तीनशे बघितले."

"थांबा, व्हिसाचा निघेल. इथेच काढला होता. हा बघा."

"अगंबाई! इतके रागावलेले का दिसतात?"

"व्हिसाला हसलेलं चालत नाही. मीच दोनदा दटावलं त्यांना."

"हसत होते?"

"थांबतच नव्हते."

काकू फ्रेम सांगून गेल्या. आभा स्टुलावर बसली. हसू नका, असं ह्या वेळी फोटोग्राफरने सांगितलंच नाही.