तिसरा डबा

नेटवाला : तुम्हीच बंद करत नाही ना, ताई? राग मानू नका. विचारावं लागतं.

ताई : तिसऱ्यांदा आलात आणि तिसऱ्यांदा तेच विचारताय, भाऊ. नाही करत. मी ह्या वायफायच्या डब्याला फडकंसुद्धा लावत नाही. धूळ पुसताना काही दाबलं गेलं तर धाकटा तिकडून ओरडायचा.

नेटवाला : धाकटा म्हणजे ज्यांनी हे तिन्ही डबे पाठवले ते?

ताई : तोच. माझा भाऊ. समुद्रापलीकडे बसून ह्या घरावर राज्य करतो. पहिला डबा हॉलमध्ये, दुसरा पॅसेजमध्ये आणि तिसरा इथे, अण्णांच्या पलंगाच्या पायथ्याशी. का, तर भिंतीवरच्या त्या कॅमेऱ्याला रेंज मिळावी. आणि कॅमेरा का, तर वडील दिसावेत. अण्णांबरोबर मी दिसते ती फुकटात.

नेटवाला : काका, नमस्कार. ओळखलंत का मला?

अण्णा : ने... नेटवाला.

नेटवाला : वा! मागच्या वेळी मान नुसती हलवली होतीत.

ताई : झटका आल्यावर दोन महिने नुसते डोळ्यांनी बोलायचे. आता उजवी बाजू सोडली तर सगळं जागेवर आहे. हट्ट तर कधी हललाच नव्हता. काल दूध नको म्हणून डाव्या हाताने पेला असा सरकवला, की चादर, उशी, मी, सगळ्यांना आंघोळ.

अण्णा : गार... होतं.

ताई : हो, गार होतं. कारण गरम केलं तेव्हा तुम्ही घोरत होतात.

नेटवाला : बरं, ताई, मी काय म्हणतो. माझंही ऐका. सकाळपासून पाच घरं झाली. हे सहावं. डबा उघडून दोन घास खाल्लेले नाहीत अजून. आणि एकाच घरातून तिसरी तक्रार आली की आमचे साहेब नावापुढे लाल खूण करतात. म्हणून आज कारण सापडल्याशिवाय मी हलत नाही.

ताई : बसा मग. खुर्ची घ्या ती. नको, ती नको, तिचा पाय गेलाय. स्टूल घ्या.

नेटवाला : पहिल्या खेपेला चूक माझी होती, कबूल आहे. दुसरा डबा लोखंडी कपाटाच्या मागे ठेवला. लोखंडावर सिग्नल आपटतो आणि परत फिरतो. दुसऱ्या खेपेला तो पॅसेजमध्ये उंच टांगला, आतलं सॉफ्टवेअर नवं टाकलं. तेव्हापासून रेंज अगदी झकास आहे. तरी तुमच्या भावाची तक्रार आहेच, मागच्या खोलीतला कॅमेरा रोज दुपारी बंद पडतो.

ताई : पडतो. नंतर मेसेज येतातच ना त्याचे. पुन्हा ऑफलाइन, ताई. पुन्हा. पुन्हा. इतक्या वेळा तर तो लहानपणी दप्तर विसरला नसेल.

नेटवाला : आणि हे खोकं कसलं? बॅटरी?

ताई : त्यानेच मागवली. आज तुम्ही यायच्या आत दारात हजर. तिसऱ्या डब्याला लावा म्हणे. वीज गेली, प्लग सैल झाला, काहीही झालं तरी चार तास डबा चालू राहील. माझ्या अंगाला लावता येईल अशी एखादी असेल तर तीही बघून ठेवा.

नेटवाला : लावू की. दहा मिनिटांचं काम आहे. तेवढ्यात ह्या डब्याची नोंद काढतो. कधी चालू झाला, कधी बंद झाला, सगळं आत लिहिलेलं असतं.

ताई : भाऊ.

नेटवाला : हं?

ताई : नाही दुरुस्त झालं तर नाही का चालणार?

नेटवाला : म्हणजे?

ताई : काही नाही. करा तुम्ही तुमचं काम.

नेटवाला : नाही, बोला. मी कुठे सांगणार आहे?

ताई : सांगण्यासारखं काय आहे त्यात. रात्री तीनदा उठावं लागतं मला. कूस बदलली नाही तर पाठीला जखमा होतात त्यांच्या. दुपारी जेवण आटोपलं की ह्या खाटेवर जरा लवंडते. तर कॅमेरा आला त्याच आठवड्यात, डोळा लागला न लागला तोच भिंत बोलायला लागली. ताई, झोपलीस का? अण्णांची उशी घसरलीय बघ.

नेटवाला : कॅमेऱ्यातून?

ताई : त्याच्यातून बोलता येतं. मी अशी धडपडून उठले, की गुडघा खाटेच्या दांडीवर. महिनाभर काळानिळा होता. दुसऱ्या दिवशी परत तेच. ताई, गोळी दहा मिनिटं उशिरा दिलीस. तो वाईट नाही हो. त्याच्याकडे तेव्हा झोपायची वेळ असते, एकदा बघितल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. पण त्याने बघितलं की मला झोप नाही.

नेटवाला : आणि डबा बंद पडला की...

ताई : की भिंत गप्प. माझ्या फोनला ह्या खोलीत ह्याच डब्याचं नेट, तोही वाजत नाही. उठते तर सगळं परत चालू असतं. मी काही करत नाही, शपथ. पण मला आवडायला लागलं होतं ते बिघडणं. जेवतानाच मनात यायचं, आज बिघडेल ना? आता बॅटरी लागली की तोही तास गेला. बास, एवढंच. करा सुरू.

नेटवाला : थांबा. हे काहीतरी वेगळंच आहे.

ताई : काय?

नेटवाला : रेंज गेली तर डबा मरत नाही, ताई. नुसता नारिंगी दिवा लावून बसून राहतो. हा तर चक्क बंद होतो. वीजच तुटते त्याची. काल दोन वाजून बारा मिनिटांनी बंद, तीन वीसला चालू. परवा दोन सातला बंद, सव्वातीनला चालू. तुमच्याकडे रोज दोनला वीज जाते?

ताई : छे. पंखा चालू असतो की.

नेटवाला : गुरुवारी मात्र बंदच नाही. त्याच्या आधीच्या गुरुवारी पण नाही. गुरुवारी काय असतं?

ताई : व्यायाम करून घेणाऱ्या बाई येतात. बरोब्बर दोनला. त्यांना हाताखाली मी लागते, म्हणून त्या दिवशी मला पडायला मिळत नाही.

नेटवाला : आणि ही बघा गंमत. ह्या महिन्याच्या नऊ तारखेला दोन पाचला जो बंद झाला, तो थेट पाच चाळीसला चालू. साडेतीन तास. त्या दिवशी काय झालं होतं?

ताई : नऊ तारीख? नऊला... मला ताप होता. गोळी घेऊन पडले ती एकदम पावणेसहाला जाग आली. दिवेलागण व्हायला आली होती. धाकट्याचे चौदा मेसेज. केवढा चिडला होता.

नेटवाला : म्हणजे तुम्ही झोपलात की हा बंद. तुम्ही उठायच्या आधी हा चालू.

ताई : काहीतरीच काय. डब्याला काय कळतंय मी झोपले ते?

नेटवाला : डब्याला नाही कळत. डब्याचा हा स्विच कोणी पुसत नाही ना?

ताई : सांगितलं ना, मी हातच लावत नाही त्या बाजूला.

नेटवाला : मग ह्या पांढऱ्या बटणावर काळे ठिपके कसले? गोल गोल. वरच्या अंगाला पण, खालच्या अंगाला पण. बोटांचे नाहीत. रबर घासल्यासारखे आहेत. काका, पलंगाला टेकवलेली ती रबरी टोकाची काठी जरा बघू?

अण्णा : ना... नाही.

ताई : अण्णा?

अण्णा : काठी... माझी.

ताई : अण्णा, इकडे बघा. माझ्याकडे बघा. तुम्ही करता बंद?

अण्णा : हं.

ताई : डाव्या हाताने? पडल्या पडल्या?

अण्णा : लांब... आहे. दोनदा... चुकते. मग लागते. तू हललीस... की चालू.

ताई : अहो, पण पलंगाच्या कडेवरून घसरला असतात तर? कमरेचं हाड मोडलं असतं म्हणजे? कशासाठी हे उद्योग?

अण्णा : बबे. तू... गुडघा.

ताई : काय गुडघा?

अण्णा : धडपडलीस. तो बोलला... आणि तू... रडलीस. मोरीत.

ताई : नळ सोडला होता मी.

अण्णा : ऐकू... येतं. कान... चांगले.

नेटवाला : मी जरा हॉलमध्ये जाऊन बसतो, ताई.

ताई : बसा इथेच. तुमच्यासमोरच निघालंय सगळं, आता काय लपवायचं. नऊ तारखेला साडेतीन तास, अण्णा? ओल्यात पडून होतात तुम्ही. मी उठले तेव्हा चादर भिजलेली होती. मला हाक का नाही मारलीत?

अण्णा : ताप... होता तुला.

ताई : आणि मी तुमच्यावर डाफरले. एवढं कळत नाही का म्हणून.

अण्णा : चा... लायचंच.

नेटवाला : ताई, बॅटरीचं काय करू? तुमच्या भावाला काय सांगू? त्यांनी मला बजावलंय, कारण लिहून पाठवा म्हणून. म्हणाल तर लिहितो, भिंत जाड आहे.

ताई : तिसऱ्या खेपेला भिंत जाड झाली? चौथ्यांदा तुम्हालाच यावं लागेल. नको. फोन द्या माझा. तो अजून जागा असेल.

(ताई फोन लावते. पलीकडचं तिलाच ऐकू येतं.)

ताई : हां, मी बोलतेय. अण्णा ठीक आहेत. नाही, नेटवाले इथेच आहेत. तू आधी ऐक. डबा बिघडलेला नाही. ...नाही, प्लगही सैल नाही. अरे, मी झोपते. ...मी. दुपारी. दोनला. ...हो, रोज. आणि तू बघत असलास की मला झोपता येत नाही. ...नाही रे, रागावले नाहीये. रागवायलाही अंगात जोर लागतो. मी दमले आहे, बाळ्या. अडीच वर्षं झाली, तुला हे कधी म्हटलं नाही. आज म्हणते. खूप दमले आहे. ...थांब, अण्णा फोन मागतायत.

अण्णा : बाळ्या. मी... बंद करतो. काठीने. ...हो, मी. ...नाही पडत. तू... जेवलास? ...मग झोप. ही पण... झोपेल. घे, बबे.

ताई : हं. ...हं. ...बरं. ठेवते.

नेटवाला : काय म्हणाले?

ताई : म्हणाला, मी विचारपूस केलेली तुला आवडते असं वाटायचं. मग म्हणाला, तुम्ही दोघं दिसल्याशिवाय मला इथे झोप येत नाही. म्हटलं, दोनच्या आत बघत जा. दोनला दुकान बंद.

नेटवाला : हे तर ऍपमध्ये लावता येतं. दोन ते चार कॅमेरा आपोआप बंद. काठी नको, काही नको. फक्त मुख्य खातं त्यांच्या फोनवर आहे, ते तिकडूनच करावं लागेल. कसं करायचं ते मी त्यांना लिहून पाठवतो.

ताई : उद्या करतो म्हणालाय. आज उशीर झाला त्याला.

नेटवाला : मग ही बॅटरी परत करायची?

ताई : आलीच आहे तर हॉलच्या डब्याला लावा. त्याचे पैसे तरी कशाला वाया घालवायचे. मी बसते इथे जरा. काही लागलं तर आवाज द्या.

नेटवाला : त्या खुर्चीत नका बसू, पाय गेलाय ना तिचा?

ताई : भिंतीला टेकवली की धरते. मला माहीत आहेत तिचे नखरे. जा तुम्ही.

(नेटवाला हॉलमध्ये जातो आणि दहा मिनिटांनी परत येतो.)

नेटवाला : ताई, हॉलचं झालं. आता तक्रार मिटवायची म्हणून तुमच्या फोनवर चार आकडे आले असतील, तेवढे सांगता का? म्हणजे मी सुटलो. ताई?

अण्णा : शू.

नेटवाला : झोपल्या?

अण्णा : हळू.

नेटवाला : बसल्या बसल्याच? खुर्ची कलली तर पडतील ना.

अण्णा : नाही. भिंत... आहे.

नेटवाला : बरं. राहू दे मग, काका. तक्रार उघडीच राहू दे. साहेबांनी खूण केली तर केली. आकडे मी संध्याकाळी फोन करून घेईन. निघतो.

अण्णा : थांब. दिवा.

नेटवाला : कुठला? अरे हो, कॅमेऱ्याचा निळा दिवा लागलाय. म्हणजे तुमचा मुलगा अजून बघतोय. थांबा, मी बंद करतो. स्विच माझ्या हाताशीच आहे.

अण्णा : नको.

नेटवाला : अहो, एक बटण तर आहे.

अण्णा : काठी दे.