बाबांचा विमानातला शंकरपट

माह्या बाबाले विमानात बसवलं, तो किस्सा सांगतला का तुमाले? किन्हीराजाच्या शंकरपटात, म्हंजे बैलांच्या शर्यतीत, त्यांची जोडी कधी कोणाच्या मागं राह्यली नाही. लहानसं विमान, मी पायलट, बाबा माह्या मागच्या खुर्चीवर. नागपूरले उतरतानी टॉवरवाल्यानं रेडिओवर सांगतलं, “समोर विमान आहे, वेग कमी करा.” मी केला.

बाबा भडकले. “काहून हळू करून राह्यला बे?”

“टॉवरचा हुकूम हाय, बाबा. समोरचं आधी उतरन.”

“टॉवरवाला त्याचा सोयरा हाय का?”

उतरल्याबरोबर बाबा धोतर सावरत थेट समोरच्या विमानाच्या पायलटजवळ गेले. “माह्या पोराचा कासरा टॉवरवाल्यानं ओढून धरला, म्हणून तू जितला!”

तो हसला. “काका, वेग कमी करायचा हुकूम मलाही होता.”

बाबांचा चेहरा खुलला. “मंग हा पट मी धरतच नाही. दोघंबी परत वर जा!”